सूर्यमाळचा मदरबोर्ड

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही त्या भागात काम करता, तर आदिवासींच्या व्यथांवर काहीतरी लिहा." मी म्हटलं, व्यथा तुमच्या अंकात दर दिवाळीला येतात. कुपोषण येतं, पाण्याचे हंडे येतात, वारली चित्र तर मुखपृष्ठावरच असतं. मदरबोर्ड अजून एकदाही आलेला नाही. मी त्याच्यावर लिहिते. मग ते म्हणाले, "लिहा, पण वाचकांना कळेल असं लिहा."

कळेल. न कळण्यासारखं त्यात काही नाही, फक्त आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी जव्हारची. वडील शिक्षक. मी आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची पत्रकं लिहिते आणि पोटासाठी कॉम्प्युटर जोडून देते. दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात, त्यामुळे कधी निवेदनाला सोल्डरिंगचा डाग पडतो आणि कधी गिऱ्हाइकाच्या बिलावर 'जाहीर निषेध' छापून येतो. गिऱ्हाईक दुकानात शिरतं, मला बघतं, माझ्या मागच्या पडद्याकडे बघतं आणि विचारतं, "शेठ नाहीत का?" मी म्हणते, "मीच शेठ. बसा."

आधी धंद्यातली गोष्ट. कॉम्प्युटरच्या डब्यात एक मोठी पाटी असते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे जे भाव खाऊन जातं ते सगळं तिच्यावर बसतं. ही पाटी म्हणजे मदरबोर्ड. गिऱ्हाईक येतं ते प्रोसेसरचं नाव पाठ करून. मेमरी किती हवी हेही त्याला भाच्यानं सांगितलेलं असतं. बोर्ड कुठला टाकू, असं विचारलं की उत्तर येतं, "टाका कुठला पण." नवरदेवाचा पगार विचारायचा, शिक्षण विचारायचं, आणि घराला छप्पर आहे का ते विचारायचंच नाही, त्यातला प्रकार.

प्रोसेसरला भिंतीतली वीज तशीच चालत नाही. ती कमी करत करत आणतात आणि शेवटचं मोजूनमापून भरवणं बोर्डावर होतं. प्रोसेसरच्या चौकोनाशेजारी छोट्या काळ्या चकत्यांची रांग असते, ते काम तिचं. पत्र टाइप करताना प्रोसेसर चिमणीएवढं खातो. जड काम आलं की रेड्यासारखा खातो, आणि मग भरवणाऱ्या चकत्या तापतात. हलक्या बोर्डावर चकत्या मोजक्या आणि उघड्या असतात. दमदार बोर्डावर त्या जास्त असतात, त्यांच्यावर धातूचे जाड ठोकळे स्क्रूनं आवळलेले असतात, आणि फारच तापलं तर काम हळू करायची, नाहीतर थांबायची अक्कल त्या बोर्डाला असते. खोक्यावरच्या चित्रात यातलं काही दिसत नाही. तिथं वाघ असतो, ड्रॅगन असतो, रंगीत दिवे असतात.

आमच्या जव्हार-मोखाडा या दोन तालुक्यांना कुठला बोर्ड मिळतो? इथं माझा पहिला निषेध. आम्हाला 'चालून जाईल' बोर्ड मिळतो. हे त्याचं नाव नाही, पण ठोक बाजारात तो ह्याच नावानं विकला जातो. जव्हारला ना, मोखाड्याला ना, मग हा घ्या, चालून जाईल. मी अशा खोल्या बघितल्यात जिथं मुलांसाठी आलेले कॉम्प्युटर कुलपात आहेत, आणि उघडून बघावं तर बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी बारीक नळकांडी, टम्म फुगलेले. मुलांनी बिघडवले, असा शेरा. मुलांनी हातसुद्धा लावलेला नव्हता.

हे सगळं डोक्यात असताना रंजना दुकानात आली.

रंजना सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरची. घरची मंडळी मजुरीवर जगणारी, ती आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला एका नकाशे करणाऱ्या कंपनीत दोन-तीन वर्षं राबली. तिथं ड्रोननं काढलेले फोटो एकमेकांना जोडून जमिनीचा नकाशा कसा करतात ते शिकली. आणि आता तिला ते काम पाड्यावर करायचं होतं.

कारण असं. पाड्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर वरकस जमीन आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या नागली आणि वरई होते. जंगल पाड्यानं राखलेलं. त्या सगळ्यावर पाड्यानं सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता. सोबत नकाशा जोडायला एका शहरातल्या एजन्सीला काम दिलं होतं. एजन्सीनं खुर्चीत बसून नकाशा केला, वरच्या ओहळाऐवजी खालचा ओहळ हद्दीचा धरला, आणि अख्खी वरकस हद्दीबाहेर गेली. दावा परत आला. आता पावसाळ्यात कचेरीची माणसं स्थळपाहणीला यायची होती. तोवर नीट नकाशा तयार नसला, तर वरकस कायमची बाहेर. तिथं खड्डे खणून रोपं लावायची वनखात्याची बोलणी आधीच सुरू झाली होती. एकदा तिथं कुंपण पडलं की मग आम्ही मोर्चा काढणार, पत्रक लिहिणार, आणि नागली दुकानातून विकत आणणार.

ड्रोनचे फोटो उन्हाळ्यातच घेऊन झाले होते, झाडांची पानं गळालेली असताना. संघटनेतल्या नाशिकच्या मित्रांनी ते काम करून दिलं होतं. हजारो फोटो. ते जोडायचं काम म्हणजे कॉम्प्युटरनं सकाळी मान खाली घालायची ती दिवस कलताना वर करायची.

मी म्हटलं, "इथं दुकानातच कर की. मी मशीन देते."

"नाय ताई," ती म्हणाली. "नकाशात ओहळ कोणता, देवाची जागा कुठं, हे म्या एकटी कशी सांगू? म्हातारी माणसं बाजूला बसाया पायजेत. त्यांना रोज जीपमध्ये कोंबून जव्हारला आणू का? आणि मजुरीवर कोण जाईल?"

बरोबर होतं. मशीन वर चढणार होतं. पाड्यानं वर्गणी काढली आणि आम्ही दोघी नाशिकला गेलो.

ठोक दुकानातला माणूस माझा नेहमीचा. बोलायला गोड, विकायला पक्का. त्यानं यादी ऐकली, प्रोसेसर काढला, मेमरी काढली आणि बोर्ड ठेवला तो नेमका 'चालून जाईल'.

"हा प्रोसेसर आणि हा बोर्ड?" मी विचारलं. "बैलगाडीला ट्रकचं इंजिन लावताय?"

"मॅडम, जागा कुठली म्हणालात? सूर्यमाळ? तिथं लाइट तरी असते का? चालून जाईल."

"लाइट नसते म्हणूनच नाही चालणार. लाइट येते ती उड्या मारत येते. सकाळी सुरू केलेलं काम संध्याकाळपर्यंत पूर्ण ताकदीनं चालायचंय. या चकत्या उघड्या आहेत. दुपारपर्यंत त्यांच्यावर पापड भाजता येतील. तुमच्या स्वतःच्या घरी लावाल का हा?"

तो हसला. "मॅडम, तुम्ही बोर्ड घ्यायला आलात की मोर्चा घेऊन आलात?"

"मोर्चा बाहेर उभा आहे. बोर्ड दाखवा."

मग त्यानं कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांचा बोर्ड काढला. वाघवाला. कडेनं दिवे, वर काच, खोकं एवढं की त्यात कोंबडी अंडी घालेल. ताकद होती, नाही असं नाही. पण त्याचा पैसा कशात गेला होता ते दिसत होतं. वेग ओढून-ताणून वाढवायची बटणं आमच्या कामाची नव्हती. रंजनानं दिव्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "गौरीला मांडायचाय का?"

तिसरा बोर्ड त्यानं मागच्या फळीवरून काढला. राखाडी, दिसायला मठ्ठ. व्हिडिओचं जड काम करणारे लोक नेतात, म्हणाला. मी तो उजेडात धरला. चकत्यांवर धातूचे जाड ठोकळे, स्क्रूनं बसवलेले. मेमरीला चार खाचा, म्हणजे आज दोन भरायच्या, उद्या हात मोकळा झाला की आणखी दोन. वेगवान डिस्कला एकाहून जास्त जागा, म्हणजे फोटो एकीवर आणि काम दुसरीवर. प्रोसेसर त्याला ओळखू येतो का, हेही मी तिथल्या तिथं तपासून घेतलं, कारण जुन्या साठ्यातला बोर्ड नवा प्रोसेसर बघून कधी कधी ढिम्म बसून राहतो.

रंजनानं विचारलं, "हे बंद पडलं तर काय बिघडलं ते मला कसं कळंल? तुमी तर खाली जव्हारला."

आजवर एकाही गिऱ्हाइकानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर त्या बोर्डावरच होतं. कडेला चार बारीक दिवे. मशीन सुरू होताना आधी प्रोसेसर, मग मेमरी, मग चित्राचं कार्ड, मग डिस्क असा एकेक भाग तपासला जातो, आणि जो भाग बरा आहे त्याचा दिवा लागून विझतो. जो अडला त्याचा दिवा तसाच जळत राहतो. शोभेचे दिवे आणि हे दिवे यांत फरक आहे. शहरात कुणी त्यांच्याकडे बघत नाही, दुरुस्तीवाला पलीकडच्या गल्लीत असतो. आमचा दुरुस्तीवाला मी, आणि माझ्या-तिच्यामध्ये दोन जिपा आणि एक चढण. हाच बोर्ड घेतला.

जोडणीही दुकानात झाली नाही. रंजनाचे वडील, देवजीकाका, यांनी निरोप पाठवला होता: "घर बांधायचं तं जाग्यावर बांधत्यात. बाजारातून बांधून आणत नाय." पाड्यावर घर उभं राहतं तेव्हा प्रत्येक घरचं माणूस येऊन हात लावतं, कुणी वासा धरतं, कुणी माती मळतं. मशीनलाही तोच न्याय. मी खोकी घेऊन जीपनं वर गेले आणि ओटीवर चादर अंथरून काम काढलं. अख्खा पाडा भोवती. उन्हाळ्याच्या शेवटच्या कोरड्या हवेत अंगात साठलेल्या विजेची एक ठिणगीसुद्धा बोर्डाचा जीव घेऊ शकते. म्हणून मी नियम केला की ज्याला हात लावायचाय त्यानं आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा.

"देवळातली घंटा हाय का?" एक बाई म्हणाली.

"तसंच समजा, मावशी."

मग रांग लागली. लोखंडाला हात, बोर्डाच्या कडेला बोट, पुढे. प्रोसेसर रंजनानं बसवला, मेमरीच्या पट्ट्या तिच्या चुलतीनं दाबल्या, आणि एकेक स्क्रू एकेकानं आवळला. बटण दाबलं. चार दिवे एकामागून एक लागले आणि विझले. शहरात मी पुष्कळ मशिनं जोडून दिलीत, त्यांचं उद्‌घाटन पेढ्यानं झालं. हे एकच असं, ज्याचे स्क्रू पुन्हा तपासायला मला लाज वाटली. तपासले. दोन ढिले होते.

पाऊस सुरू झाला आणि काही दिवसांनी रंजनाचा फोन आला. पाड्यावर फोन लागत नाही, ती खिंडीत येऊन बोलत होती, वारा अर्धी वाक्यं नेत होता.

"ताई, मशीन झोपतंय."

"दिवे काय सांगतात?"

"चारी लागतात, चारी इझतात. सुरू हुतं. फोटो जोडाया घातले का घटकाभरानं गप बंद. परत सुरू केलं का सुरू. परत बंद."

म्हणजे भाग सगळे बरे होते. ताकदीचं काम आलं की थांबतं, म्हणजे ताप. पण तो बोर्ड तापणारा नव्हता, त्यासाठी तर मी नाशिकला भांडले होते. "पंखा फिरतोय?"

"फिरतोय, पण जडजड."

"ठेवलंय कुठं?"

"माळ्यावर."

"कुठल्या माळ्यावर?"

"चुलीवरल्या."

कचेरीची माणसं यायला थोडेच दिवस उरले होते. मी दुकानाला कुलूप घातलं आणि निघाले.

सूर्यमाळचा पावसाळा ज्यानं बघितला नाही त्यानं हसू नये. ढग घरात शिरतात. कुडाच्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या. कपडे वाळत नाहीत, कागदाला बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही. अशा चार महिन्यांत घरात कोरडी, उबदार अशी एकच जागा असते: चुलीच्या वरचा बांबूचा माळा. बियाणं तिथं राहतं. सुकवलेली मासळी तिथं राहते. घरातली जी चीज मोलाची, ती धुरात. आणि या घरातली सगळ्यात मोलाची चीज तिथंच नेऊन ठेवलेली होती, बियाण्याच्या कणग्यांच्या मधोमध, खाली गोणपाट घालून. स्क्रीन तेवढा खाली, लांब वायर सोडून.

डबा काळा होता, तो आणखी काळा झाला होता. झाकण काढलं. हवेची जाळी काजळीनं बुजलेली, पंख्याच्या पात्यांवर चिकट थर, आणि माझ्या लाडक्या जाड ठोकळ्यांवर काजळीची गोधडी.

"काका," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

देवजीकाका शांतपणे म्हणाले, "बियाणं तिथंच ऱ्हातं, बाय. ओल लागत नाय, किडा लागत नाय. मंग मशीन का बियाण्याच्या वरचढ हाय?"

"बियाण्याला श्वास घ्यायला लागत नाही. याला लागतो. हे धूर ओढून घेतं."

त्यांनी डब्यात वाकून बघितलं. "बिडीवाल्याची छाती झाली म्हण की."

मी रागवायच्या तयारीनं आले होते आणि मला हसू फुटलं. आणि खरं सांगते, त्यांची अर्धी गोष्ट बरोबरच होती. ओल बोर्डाला मारतेच. शहरातला दुरुस्तीवाला म्हणाला असता, अडाणी माणसं, चुलीवर कॉम्प्युटर ठेवतात. मी म्हणते, ज्यांनी मशीनला बियाण्याचा मान दिला त्यांना अडाणी म्हणणाऱ्यानं आधी स्वतःच्या टेबलाखाली बघावं, त्याचं मशीन केरसुणीशेजारी असतं.

पण माझी छाती फुगली ती वेगळ्याच गोष्टीनं. काजळी म्हणजे कोळसाच. ओल्या हवेत ती चकत्यांवर बसली की विजेला भलतीच वाट मिळते. 'चालून जाईल' असता तर तो चालत चालत भाजून गेला असता, आणि बरोबर प्रोसेसरला घेऊन गेला असता. हा बोर्ड दर वेळी तापल्यावर थांबला. जळला नाही, थांबला. लोकांना वाटतं दमदार म्हणजे न थांबणारा. मी त्या दिवशी घरभर सांगत सुटले की दमदार म्हणजे वेळेवर थांबून परत उठणारा. रंजना म्हणाली, "ताई, भाषण मंग. आधी साफ करा."

सगळं सोडवलं. ठोकळे स्क्रू काढून उतरवले. रंगाच्या कोरड्या कुंचल्यानं झाडलं, चिकट जागी बरोबर आणलेलं स्पिरिट लावून पुसलं. एकजण चुलीची फुंकणी घेऊन आला, त्याला म्हटलं नको, तोंडाच्या वाफेत पाणी असतं. मग सायकलचा पंप आला. रंजनाची चुलती पंप मारत होती, मी नळी धरत होते, काजळी दोघींच्या तोंडावर उडत होती, आणि दारातली मंडळी आम्हाला बघून यथेच्छ हसत होती.

आता ठेवायचं कुठं? मी म्हटलं, ओटीवर. काका म्हणाले, ओटीवर पावसाची झड येते. मी म्हटलं, धान्याच्या खोलीत. तिथं उंदीर, आणि उंदराला वायर आवडते. शेवटी काकांनी चुलीच्या पलीकडच्या खोलीत नेऊन भिंतीला हात लावून दाखवला. मधली भिंत जाड मातीची. चुलीची ऊब भिंतीतून इकडे येत होती, धूर पलीकडेच राहत होता. तिथं फळी ठोकली. मी माझी अट घातली: रात्रंदिवस थोडं का होईना, चालू ठेवायचं. चालू मशीन स्वतःच्या उबेनं स्वतःला कोरडं ठेवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो जोडायला घातले. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा ठेवला होता. येणारा-जाणारा आजाऱ्याला विचारावं तसं विचारायचा, "किती हाय?" आकडा चढला, चढून एका जागी थांबला आणि तिथंच राहिला. दुपारी लाइट गेली, मशीनबरोबर घेतलेल्या इन्व्हर्टरनं उचललं, पुन्हा आली. कुणी मजुरीवर गेलं नाही. चहा तीनदा झाला. मी निवांत आहे असं दाखवत होते, पण एक हात सतत डब्यावर होता.

दिवस कलला तेव्हा नकाशा स्क्रीनवर उघडला. पाडा, वाट, वरकस, राखलेलं जंगल, आणि दोन्ही ओहळ, स्पष्ट, वेगवेगळे. मग काकांनी बोट पुढे केलं, "ही माझी नागली," आणि मग सगळेच बोलायला लागले. पुढचे दिवस रंजना माणसांना शेजारी बसवून एकेक जागा त्यावर लिहीत गेली.

कचेरीची माणसं भर पावसात आली. साहेब तरुण होता, वाईट नव्हता. रंजनानं नकाशा पेनड्राइव्हवर दिला. त्यानं तो आपल्या लॅपटॉपवर उघडायला घातला आणि लॅपटॉप त्या फाइलखाली जो बसला तो बसलाच. साहेबानं वाट बघितली, बटणं दाबली, शेवटी विचारलं, "छापील प्रत आहे का?"

"छापील हाय," रंजना म्हणाली. "पण मोठं करून बघायचं तं आत या. मशीन हाय."

काकांनी दारातच सांगितलं, "मशीनच्या खोलीत चपला नाय, साहेब."

साहेबानं चिखलाचे बूट काढले, मोजे काढले आणि सारवलेल्या जमिनीवर रंजनाच्या शेजारी बसला. ती नकाशा मोठा करत गेली. झाडं दिसली, बांध दिसले, दगडांचे ढीग दिसले. त्यानं जुना नकाशा मांडीवर घेतला आणि विचारलं, "हद्दीचा ओहळ हा, की तो?"

"तो," चार-पाच आवाज एकदम आले.

"चला, जागेवर बघू."

सगळे छत्र्या, घोंगड्या घेऊन वर गेले. मी मशीनपाशी बसून राहिले. पंखा एका सुरात फिरत होता. तास-दीड तासानं माणसं चिंब होऊन परतली, साहेब सगळ्यात जास्त चिखलात. तो पुन्हा त्याच जागी बसला, हात पुसले, स्क्रीनवर एकदा बघितलं, आणि मांडीवरच्या नकाशात पेनानं नवी रेघ ओढली. वरच्या ओहळाच्या कडेकडेनं, वळणावळणानं, सावकाश. वरकस आत घेतली. खाली सही केली.

दावा अजून जिल्ह्याच्या टेबलावर आहे. टेबलं कशी असतात ते मला ठाऊक आहे, त्याच्यावर मी वेगळं पत्रक लिहिणार आहे. पण खड्डे खणायला कुणी आलं नाही. काल रंजना खिंडीतून बोलली, नागली कापणीला आली म्हणाली. आणि शेजारच्या दोन पाड्यांचे फोटो तिनं जोडायला घातलेत, म्हणून फोन लवकर ठेवला.